खोचजोड

जोडाचा निर्णय कुमुद देवरेच्या टेबलावर आला, तेव्हा कोठी सुरू होऊन चार महिनेही झाले नव्हते. कागद एका पानाचा होता. वर लिहिलं होतं, 'निचरा-लान्स : नळ्यांच्या जोडाचा प्रकार ठरवणे.' खाली सहीसाठी जागा. साहित्य-निवड विभागात बारा वर्षं काढलेल्या माणसाकडे असे कागद रोज येतात. नट, झडपा, हातमोजे, सगळ्यांवर कुणीतरी सही करावीच लागते. तिनं तो दुपारच्या कामात टाकला आणि चहा प्यायला गेली.

साक्रीच्या पश्चिमेला, आंबेमाळ नावाच्या वस्तीच्या वरच्या अंगाला ही कोठी उभी होती. सात मजली उंचीची टाकी, आतून ग्रॅफाइटचं अस्तर, आणि त्यात काठोकाठ सिलिकॉन. माळावर पसरलेल्या सौर पॅनेलांची दिवसभराची जास्तीची वीज त्या सिलिकॉनमध्ये ओतायची. चौदाशे अंशांच्या पुढे ते वितळून पांढरंशुभ्र तळपू लागायचं. सूर्य मावळला की त्याच तळपण्याचा उजेड खास पेशींवर पाडायचा आणि वीज परत काढायची. धूर नाही, राख नाही. तीन जिल्ह्यांचे दिवे त्यावर चालत.

त्या पदार्थाची एकच खोड होती. पाण्याचा बर्फ होताना तो फुगतो आणि फ्रीजरमध्ये विसरलेली बाटली तडकते, तसं सिलिकॉनही गोठताना फुगतं. कोठी थंड होऊ लागली तर आधी बाहेरचा थर गोठणार, मधला पांढरा रस कोंडला जाणार, आणि मग तो भिंत फोडून वाट काढणार. खाली आंबेमाळच्या विहिरी आणि ओली काळी जमीन. तो रस पाण्याला भिडला तर वाफेचा जो स्फोट होईल, त्यात वस्तीतली चारशे माणसं उरणार नाहीत, हे पहिल्याच अहवालात लिहिलेलं होतं. म्हणून तळाशी निचऱ्याचं एक तोंड ठेवलं होतं. कोठी चौदाशे तीस अंशांच्या खाली घसरली की ते तोंड फोडायचं आणि सगळा रस शेजारच्या कोरड्या खड्ड्यात सोडून द्यायचा.

ते तोंड सहा मीटर जाड विटा आणि ग्रॅफाइटनं बंद केलेलं होतं. फोडायला छिन्नी चालत नाही, ड्रिल चालत नाही. चालते ती लान्स. तीन मीटर लांबीची लोखंडी नळी, आत लोखंडाच्याच तारा ठासून भरलेल्या. मागून दाबाखाली ऑक्सिजन सोडायचा आणि पुढचं टोक पेटवायचं. मग लोखंड स्वतःच जळतं, आणि त्या ज्वाळेपुढं दगड, वीट, पोलाद काही टिकत नाही. पण नळीही जळून संपते, चार मिनिटांत एक. मागून दुसरी जोडायची, मग तिसरी. तोंड उघडेपर्यंत चौदा-पंधरा नळ्या लागणार, असा अंदाज होता. यंत्राच्या हातानं हे करून पाहिलं होतं. ग्रॅफाइटची भुकटी त्याच्या सांध्यांत शिरली आणि तो दोनदा अर्ध्यावर अडकला. म्हणून शेवटी माणसंच ठेवली, अकरा जणांची टोळी.

त्या टोळीचा मुकादम होता यशवंत अहिरे, कुमुदच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

कुमुद नऊ वर्षांची असताना तिचे आईवडील जीपच्या अपघातात गेले. इंदूताईचं लग्न होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. दाजी जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात भट्टीचं तोंड फोडायच्या कामावर होते. ते आले, तिचं दप्तर एका खांद्याला लावलं, म्हणाले, "चल, घरी जाऊ." पुढची सतरा वर्षं ती त्यांच्या घरी राहिली. त्यांच्या हातांवर कोपरापर्यंत केस नव्हते, भट्टीनं ते कायमचे जाळले होते. नळाला आटे बसवायला त्यांनीच तिला शिकवलं. "आधी उलटं फिरव. टक् वाजलं की आटा बसला. मग सुलट. बळ लावायचं नाही, तो आपणहून जातो." इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी कार्यशाळेत तिनं तसं केलं तेव्हा सरांनी विचारलं होतं, घरी कुणी फिटर आहे का.

जोडाच्या चाचण्या कोठीमागच्या मोकळ्या आवारात झाल्या. तीन प्रकार होते. पहिला आट्यांचा, कॉलर लावून पिळायचा. दुसरा अर्ध्या फेऱ्याच्या खाचेचा, त्यात रबराची कडी होती. ती कडी उष्णतेनं दुसऱ्याच दिवशी कडक झाली आणि तो प्रकार बाद झाला. तिसरा खोचायचा. एका नळीचं तोंड किंचित फुलवलेलं, दुसरीचं टोक निमुळतं. एकात एक खोचली, दणका दिला, की बसली.

जाड हातमोजे घालून आट्यांचा जोड द्यायला टोळीला पंचेचाळीस सेकंद लागले. खोचजोडाला पाच.

दाजींनी खोचजोडाच्या भोवती साबणाचं पाणी लावून पाहिलं. बारीक फेस आला.

"गळतंय," ते म्हणाले.

"थोडं गळणारच, दाजी. धातूवर धातू आहे, मध्ये काही नाही."

"आट्यांचा एक थेंब गळत नाही."

"पण पंचेचाळीस सेकंद."

"पंचेचाळीस सेकंदांत काय होतं एवढं?"

काय होतं ते तिला ठाऊक होतं, पण तिथं उन्हात उभ्यानं सांगण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, "गणित करून सांगते."

गणित केलं कोठीच्या प्रतिकृतीनं. खऱ्या कोठीतल्या प्रत्येक विटेचं, प्रत्येक अंशाचं भान असलेली ती संगणकातली कोठी होती. ती एका दिवसात निचऱ्याचा प्रसंग दोन लाख वेळा घडवून बघू शकत असे. तिनं दाखवलं ते असं. नळी बदलताना ऑक्सिजन बंद करावा लागतो. तेवढ्या वेळात भोकात पाझरलेलं सिलिकॉन गोठतं, फुगतं आणि पाचरीसारखं घट्ट बसतं. पाच सेकंदांत बसलेली पाचर पुढची नळी सहज जाळते. पंचेचाळीस सेकंदांतली जाळता जाळता अर्धी नळी खर्च होते, आणि चौदा बदलांत ही उधळपट्टी साचत जाते. आट्यांचे जोड वापरले तर शंभरांतल्या अडतीस वेळा तोंड वेळेत उघडत नव्हतं. खोचजोडांनी फक्त तीन वेळा.

त्याखाली आणखी एक ओळ होती. जोडातून गळणारा ऑक्सिजन जोड धरणाऱ्याच्या कपड्यांत मुरतो. ऑक्सिजन प्यायलेलं कापड, मग ते अग्निरोधक का असेना, एका ठिणगीसरशी भडकतं. आट्यांच्या जोडात असं होण्याची शक्यता नऊशे निचऱ्यांत एकदा. खोचजोडात चाळिसांत एकदा.

कुमुदनं ती ओळ तीनदा वाचली. मग पान घेऊन ती प्रकल्पप्रमुख निरंजन कुलथे यांच्याकडे गेली.

कुलथे वाईट माणूस नव्हता. त्यानं दार लावून घेतलं, पान पूर्ण वाचलं.

"निवड तर उघड आहे," तो म्हणाला. "एका बाजूला चारशे अकरा माणसं, दुसऱ्या बाजूला एक. तेही चाळिसांत एकदा."

"हो सर. निवडीबद्दल माझं काही नाही. पण टोळीला जाणाऱ्या प्रतीत ही ओळ ठेवायची ना?"

कुलथेनं पान तिच्यापुढं सरकवलं. "तूच विचार कर. जोड धरणाऱ्याला माहीत असलं की चाळिसांत एकदा आपण पेटतो, तर तो हात कसा पुढं करेल? तुझ्या पाच सेकंदांचे किती होतील?"

ती जागेवर परतली. तिनं प्रतिकृतीत तेवढा एकच बदल केला. जोड देणाऱ्याच्या मनात भीती घातली. जगभरच्या कारखान्यांतल्या नोंदींवरून यंत्रानं स्वतःच ठरवलं की भ्यालेला माणूस पाचाचे तेरा सेकंद घेतो. तोंड न उघडण्याची शक्यता तीनवरून अकरावर गेली.

म्हणजे माणसाला खरं सांगितल्यानं वस्ती जळण्याची शक्यता जवळपास चौपट होत होती. कुलथेनं तिला हुकूम दिला नव्हता. टोळीच्या प्रतीतून ती ओळ तिनं स्वतः काढली, आणि सही केली.

त्या रविवारी ती ताईकडे जेवायला गेली. ताईनं कळण्याची भाकरी केली होती. दाजींनी घास मोडता मोडता विचारलं, "मग खोचायचाच ठरला म्हणे?"

"हो. आट्यांनी वेळ पुरत नाही."

"आणि ते गळणं?"

"ते हिशोबात धरलंय, दाजी."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. संशयानं नव्हे, नुसतंच. "तू बघितलंयस ना, मग झालं," ते म्हणाले आणि ताईकडे ताक मागितलं. कुमुद खोटं बोलली नव्हती. तरीही तिनं मोडलेला घास ताटातच ठेवून दिला. ताई म्हणाली, "खा माय, काय झालं?" तर तिनं दात दुखतोय असं सांगितलं.

भाद्रपदात सतरा दिवस आभाळ उघडलं नाही. पाऊसही धड नव्हता, नुसतं माळावर करड्या रंगाचं छत पसरलेलं. पॅनेलं आंधळी झाली. अशा वेळी कोठी ऊबदार ठेवायला बाहेरून वीज घ्यायची सोय होती. पण अठराव्या दिवशी सकाळी, सततच्या ओलीनं टेकडीची माती सरकली आणि वीजवाहिनीचे दोन मनोरे आडवे झाले. दुरुस्तीला चार दिवस लागणार होते. कोठीकडे सहा तास होते.

वस्ती रिकामी करायला घेतली, पण म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट गुरंढोरं घेऊन उतारावरून चारशे माणसं सहा तासांत निघत नाहीत. बारा वाजता तापमान चौदाशे तीसवर आलं. दाजींची टोळी निचऱ्याच्या बोगद्यात उतरली.

कुमुद नियंत्रण कक्षात पडद्यासमोर होती. पडद्यावर अकरा माणसं दिसत होती, तोंडावर काळ्या काचा, सगळी सारखीच. कोण कुठं आहे ते तिला चालण्यावरून ओळखू येत होतं. जोडापाशी आळीपाळीनं उभं राहायचं ठरलेलं होतं. पहिल्या आठ नळ्यांना चौघं जण आलटून पालटून उभे राहिले. दर वेळी पाच सेकंद, कधी चार. विटांचा थर संपून ग्रॅफाइट लागलं. भोकातून पांढरा उजेड झिरपायला लागला. शेजारचा ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, कागदावर होतं त्याच्याही पुढं चाललोय आपण."

नवव्या नळीला दाजी स्वतः जोडापाशी आले. त्यांचीच पाळी होती.

त्यांनी नळी खोचली, दणका दिला, हात वर करून ऑक्सिजन सोडायची खूण केली. भोकातून ठिणग्यांचा एक फवारा मागं आला. तसे आधीही आले होते. त्यातली एक ठिणगी त्यांच्या उजव्या बाहीवर बसली.

पडद्यावर आवाज नव्हता. बाही पेटली नाही, ती एकदम उजेडाची झाली, आणि तो उजेड खांद्यावर, छातीवर, पाठीवर पसरला. ते सगळं मोजून दोन सेकंदांत झालं. दोघांनी त्यांना मागं ओढलं, अंगावर वाळू टाकली. बाकीचे जागच्या जागी थिजले. सुपडू कोळी नावाचा टोळीतला सगळ्यांत जुना माणूस तेवढा हलला. तो जोडापाशी आला, पडलेली नळी उचलली आणि खोचली. पाच सेकंदांच्या जागी एकोणीस झाले होते. पुढच्या सहाही नळ्या त्यानं एकट्यानं लावल्या. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी तोंड उघडलं आणि पांढरा रस खड्ड्यात वाहायला लागला. आंबेमाळमध्ये कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

दाजी धुळ्याच्या इस्पितळात दोन दिवस होते. शुद्धीवर आले नाहीत.

चौकशी पंधरा दिवसांत संपली. समितीनं प्रतिकृती पुन्हा चालवली, जोडांचे तुकडे तपासले. निष्कर्ष एका परिच्छेदात होता. जोडाची निवड बरोबर होती. आट्यांचे जोड असते तर त्या दिवशीच्या परिस्थितीत तोंड उघडलं नसतं. निवड करणाऱ्या अभियंत्याचं समितीनं कौतुक केलं होतं. देशात अशा आणखी एकेचाळीस कोठ्या उभ्या राहिल्या होत्या किंवा राहत होत्या. सगळ्यांसाठी हाच खोचजोड प्रमाण मानावा, अशी शिफारस होती. टोळीसाठीची प्रत आंबेमाळचीच, कुमुदच्या सहीची, जशीच्या तशी पाठवायची.

दिवसकार्य झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात कुमुद ताईकडे गेली. ताई ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होती. कुमुदनं तिथंच, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभं राहून सगळं सांगितलं. चाळिसांत एक ही ओळ, ती कुणी काढली, का काढली, तीनाचे अकरा कसे झाले. मध्ये एकदाही थांबली नाही. ताईनं हातातली जुडी खाली ठेवली नाही.

"म्हणजे तुला माहीत होतं," ताई म्हणाली.

"हो."

"त्यांना सांगितलं असतंस तर ते गेले नसते, असं वाटतं तुला?"

"गेले असते," ताई म्हणाली. "चारशे माणसं खाली आहेत म्हटल्यावर ते घरी बसले असते का? ते गेलेच असते. पण सांगून गेले असते." ती मेथीच्या काड्या वेगळ्या करत राहिली. "त्या दिवशी डबासुद्धा नेला नाही. म्हणाले, दोन वाजेपर्यंत येतो, भात गरम ठेव. मी धुणं वाळत घालत होते. मी बरं म्हटलं. वळून बघितलंसुद्धा नाही मी."

कुमुद तिच्या जवळ जायला निघाली. ताईनं मान हलवली, नको म्हणून. रागानं नाही. दारात आलेल्या अनोळखी बाईला सांगावं तसं.

"तुझं गणित बरोबर असेल," ती म्हणाली. "तू जा आता."

त्यानंतर कुमुद दोन रविवार गेली. दोन्ही वेळा ताईनं चहा केला, समोर ठेवला आणि आत जाऊन बसली. तिसऱ्या रविवारी ती गेली नाही.

तिनं कुलथेला पत्र लिहिलं. सगळ्या कोठ्यांना जाणाऱ्या पत्रकात ती ओळ परत घालावी, प्रत्येक टोळीला आकडा कळावा. कुलथेनं तिला बोलावून घेतलं. या दोन महिन्यांत तोही वाळला होता.

"पाठवू कसं? यंत्र काय म्हणतं ते तूच काढून दिलंस. सांगितलं की तीनाचे अकरा. एकेचाळीस कोठ्या आहेत, कुमुद. प्रत्येकीखाली कुठलं ना कुठलं गाव आहे. ही ओळ घालून एखादं गाव गेलं, तर ती सही कोण करणार?"

"त्यांना कळायला नको?"

"कळायला हवं," तो म्हणाला. "आणि कळलं तर माणसं मरतील. यातलं काय खोटं आहे ते सांग, मी आत्ता ओळ घालतो."

पत्रक ओळीशिवाय गेलं.

मग एका सोमवारी सकाळी, कार्यालयात कुणी आलेलं नसताना, तिनं एकेचाळीस कोठ्यांची यादी समोर घेतली. पहिलं नाव मंगळवेढ्याचं होतं. मुकादम बसवराज कोरे. फोन दुसऱ्याच रिंगला उचलला गेला.

"मी कुमुद देवरे बोलतेय, आंबेमाळहून. तुमच्या नळ्यांचे जोड..."

"होय होय मॅडम, आले की." भरदार, मोकळा आवाज होता. "लई सोपे आहेत. आमची माणसं खूश आहेत. पिळापिळीचा तापच गेला. आभाळ आलंय इकडं आठ दिवस, पण जोडांची काळजी नाही बघा."

"त्यांच्याबद्दलच बोलायचं होतं," ती म्हणाली, आणि सांगितलं. गळणं, कपडे, चाळिसांत एक. आटे घेतले तर काय होईल तेही सांगितलं. आंबेमाळला कोण दगावलं आणि ते तिचे कोण होते, हेही सांगितलं. तिला वाटलं होतं, तो चिडेल, ओरडेल, आटेच द्या म्हणेल.

पलीकडे दूरवर कुणीतरी लोखंडावर हातोडा मारत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

"मॅडम," शेवटी तो म्हणाला, "हे कशाला सांगितलंत मला?"

"तुम्हाला माहीत असायला हवं म्हणून."

"आजवर पाळी होती आमच्यात. ज्याची पाळी तो जोडापाशी. कुणी विचारत नव्हतं, मी सांगत नव्हतो. आता पाळी लावायची म्हणजे मी कुणाला तरी तिथं उभं करायचं, ठरवून. आभाळ असंच राहिलं तर या आठवड्यातच उतरावं लागेल आम्हाला."

"तुमचं कामच निवड करायचं आहे ना?" त्यानं विचारलं. "मग तुम्हीच सांगा. अकरा जण आहोत. लिहून घेता का?" कागद चाळल्याचा आवाज आला. "मल्लिनाथ बिराजदार, पोरीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. दस्तगीर मुलाणी, घरात एकटा कमावता. रेवणसिद्ध गायकवाड, त्याचा हात सगळ्यांत पक्का आहे, पण म्हातारी अंथरुणावर आहे..."

तो एकेक नाव सावकाश वाचत गेला, आणि प्रत्येक नावानंतर तिच्यासाठी थांबत गेला.